मामांच्या हाडांचं कंत्राट

मंडळी, आज पनवेलला मामांचा एमआरआय होता. त्यांना लिम्फोमा हा कॅन्सर आहे. तो हाडांतल्या मज्जेत पोहोचलाय का, हे पाहायचं होतं. सकाळपासून आम्ही सगळे धास्तावलेले होतो.

हाताला सुई लावताना टेक्निशियन मुलगी म्हणाली, "काका, यातून कॉन्ट्रास्ट देणार."

मामा पनवेलजवळच्या ओवे गावचे, आयुष्य बांधकामात गेलेलं. ते ताडकन उठले. "कंत्राट? मना न इचारता? कोनाला दिला?"

"काका, औषध आहे ते! मज्जा स्पष्ट दिसते त्यानं."

सगळी खोली हसली, मामाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, मज्जेत आजार दिसत नाही. केमो मात्र चालू राहील.

मामांनी लगेच फर्मावलं, "काम चोख झाला. त्या पोरीला पेढे द्या. कंत्राट तिचा होता."

तुमच्याकडे कधी एखाद्या शब्दानं अशी भीती पळवलीय?