आईच्या कानाचं माप

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मी त्याचे कान आधी बघतो, तोंड नंतर. किन्हवलीच्या नाक्यावर माझं मोबाईलच्या सामानाचं दुकान आहे. कव्हरं, चार्जर, काचा हे सगळीकडंच मिळतं. माझं नाव झालं ते कानातल्या रबरांमुळं. गाणी ऐकायला कानात घालायचे बड्स घेताना लोक रंग बघतात, बॅटरी बघतात आणि स्वतःचा कान बघायला विसरतात. मग चार दिवसांनी भांडायला येतात, बड्स बाद निघाले, आवाज नाय, सारखे पडतात. बड्स बाद नसतात. डबीतून निघालेलं मधल्या मापाचं रबर तसंच घातलेलं असतं आणि यांचा कान एकतर बारीक असतो, नाहीतर ऐसपैस. मी काउंटरखालून लहानमोठ्या रबरांच्या पुड्या काढतो, एक बसवतो आणि गाणं लावतो. कान नीट बंद झाला की ढोलकी जागी होते आणि भांडायला आलेला माणूस मान डोलवायला लागतो. बाईकवाल्याला कानावरून जाणारा हुक देतो. ज्याला सिलिकॉन टोचतं त्याला फोमचं रबर देतो. ते बोटांत दाबून कानात ठेवायचं, मग आत फुगतं आणि कान भरून टाकतं.

'तुमचा कान वाकडा आहे, बड्स नाही,' असं मी तोंडावर सांगतो. बायको म्हणते, अशानं गिऱ्हाईक तुटेल. तुटत नाही. उलट शेणवा गावापासून लोक येतात. मला याचा गर्व होता आणि तो लपवायची गरज कधी वाटली नाही.

आईला मिश्रीची सवय लहानपणापासूनची. तव्यावर तंबाखू भाजायची, तळहातावर चुरायची आणि दात घासत अर्धी सकाळ काढायची. आम्ही ओरडायचो, ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची. शेवटी गालात जखम झाली, ती बरी होईना आणि मुंबईला मोठ्या इस्पितळात जबड्याची डावी बाजू काढावी लागली. जिभेचाही तुकडा गेला. नंतर रेडिएशनची लाईट घ्यावी लागली, सलाईनमधून केमो झाली. आई वाचली, पण बोलणं संपलं. आमच्या आळीतली सगळ्यात बोलकी बाई होती ती. आता तोंडातून नुसती घरघर निघायची आणि तिची तिलाच इतकी किळस आली की तिनं तीही बंद केली.

लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं. त्यामुळं टकटक करायची एवढीच भाषा उरली. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. खाटेच्या दांड्यावर, ताटाच्या कडेला, माझ्या मनगटावर ती बोटानं ठोकायची. दोनच जास्त ऐकू यायच्या. आई मुळातच नाही म्हणणारी बाई.

फक्त मावशीला ती कधी नाही म्हणायची नाही. मावशी आईहून लहान, मुरबाडच्या बाजूला टोकावड्याच्या पुढं दिलेली. दोघी रोज दुपारी फोनवर बोलायच्या. आईचं तोंड बंद झाल्यावर मावशी काही दिवस नुसती रडली. मग नातीकडून व्हॉइस मेसेज पाठवायला शिकली आणि शेळ्यांच्या गोठ्यामागं बसून रोज एक मेसेज पाठवायला लागली. आवाज आधीच बारीक, त्यात ताणलेला. 'जयभीम गो ताई. जेवलीस का? आमचे हितं कोंबडी खुडूक बसलीय, उठतच नाय. तुझ्यासारखी हट्टी हाय.' मेसेज संपला की आई बटण दाबून धरायची आणि फोनच्या पाठीवर नखानं ठोकायची. तेवढं उत्तर मावशीला पुरायचं.

अडचण ऐकण्याची होती. फोन गालाला टेकला की आईला कळ यायची. स्पीकर लावला की मावशीच्या सुनेची उणीदुणी अख्ख्या आळीला ऐकू जायची. मी म्हटलं, एवढंच ना? घरात कानाचा डॉक्टर बसलाय.

वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. आई कायम उजव्या कुशीवर पडायची, त्यामुळं मोकळा राहायचा तो डावा कान, ऑपरेशनच्या बाजूचा. जबडा गेला की कानाचं भोकही बदलतं, हे मला तेव्हा कळलं. लहान रबर घसरायचं, मोठं टोचायचं. हुक लावावा तर लाईटमुळं कानामागची कातडी भाजल्यासारखी झालेली. फोमचं रबर थोडं टिकायचं आणि आई कूस बदलली की उशीवर पडायचं. मी ब्लेडनं फोम तासला. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिचं कडं आतून चढवलं. दर दुपारी जेवायला घरी आलो की नवीन काहीतरी खिशात असायचं. मी ते बसवायचो, मावशीचा मेसेज लावायचो, आई ऐकायची आणि कानाशी हात हलवायची. येत नाही.

मग मी ढोलकीचं गाणं लावायचो. तिचं बोट खाटेच्या दांड्यावर बरोबर ठेका धरायचं. माझं बोलणंही तिला ऐकू यायचं. माझा आवाज रेड्यासारखा आहे, हे तिचंच म्हणणं. म्हणजे कान शाबूत आहे, रबरातून कुठंतरी आवाज गळतोय, असा माझा हिशेब. बायको एकदोनदा म्हणाली, 'आई हल्ली माझं ऐकून न ऐकल्यासारखं करतात.' मी म्हटलं, ते तर लग्नापासून चालू आहे.

शेवटी एका दुपारी जमलं. दोन फोमचे तुकडे जोडून एका बाजूला फुगीर केलेलं, दिसायला ओबडधोबड असं रबर होतं. बड मुळीच हलला नाही. मी मावशीचा मेसेज लावला. आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग फोनकडं. मेसेज संपला आणि तिनं ठोकलं. एकदा. मी पुन्हा विचारलं, 'नीट येतंय?' पुन्हा एकदा. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी शाळेत पास झालो की फिरवायची तसा. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगितली. इतका आनंद मला दुकान उघडलं तेव्हाही झाला नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी आई बड घालून बसायची आणि एकदा टकटक करून मावशीला उत्तर पाठवायची. बहिणीबहिणींचं खासगी बोलणं, मी कशाला ऐकू? मी ताटावर बसायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो.

काही आठवड्यांनी सकाळीच मावसबहिणीचा फोन आला. मावशी चुलीपुढं बसल्याबसल्या कलंडली होती. गाडीत घालेपर्यंत गेली. ती आजारी आहे हे तिच्या पोरांनाही माहीत नव्हतं.

आईला मागच्या सीटवर आडवी करून आम्ही निघालो. मी सांगितलं तेव्हा ती रडली नव्हती. वाटेतही रडली नाही. मयताच्या घरी पोचलो तशी मावसबहीण धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून बारीक आवाजात रडत म्हणाली, 'मावशी गो, आई तुझी वाट बघीत होती. ताई येनार हाय, ताईनं हो केलंय, असं रोज बोलायची. का नाय आलीस?'

आईनं तिच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि तिच्या खांद्यावर बोटानं ठोकलं. एकदा. हो.

मावसबहीण मागं सरकली. बाकीच्यांना वाटलं, बाई दुःखानं भांबावली. मला राग आला. मावशीला येते म्हणून कबूल केलंस आणि आम्हाला कळूही दिलं नाहीस? मी गाडी करून नेली नसती? परत येताना मी ते तिला जवळजवळ ओरडूनच विचारलं. तिनं माझ्या मनगटावर दोनदा ठोकलं. नाही. 'खोटं नको बोलू,' मी म्हटलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

मावशीच्या दिवसांचं पुण्यानुमोदन झालं. आई पुन्हा दुपारी फोन घेऊन बसू लागली. आता नवीन मेसेज यायचा नव्हता, जुनेच लावायची. लावू दे, मी म्हटलं, तेवढाच आधार.

एका दुपारी जेवायला घरी आलो तर ओटीवरच मावशीचा आवाज ऐकू आला. बड आणि फोनचं कनेक्शन तुटलं होतं आणि आवाज फोनमधूनच येत होता, चांगला मोठा, दारापर्यंत. आई खाटेवर माझ्याकडं पाठ करून बसली होती. डाव्या कानात बड तसाच होता. माझं ते ओबडधोबड रबर तसूभरही हललं नव्हतं.

'...पोरांना नाय सांगितलं,' मावशी म्हणत होती. 'छातीत कळ येते नि घाम फुटतो गो. पोरं लगेच दवाखान्यात टाकतील, घाबरतील. तुला सांगितलं म्हंजे कुठं जायाचं नाय, तुझं तोंडच बंद हाय.' इथं ती हसली. 'तू ये एकदा, ताई. तू आलीस तर मी जाईन दवाखान्यात. तू आलीस तरच. येशील ना?'

आई फोनच्या काचेकडं एकटक बघत होती. मेसेज चालू असताना रेषेवरून एक ठिपका सरकत जातो. तो ठिपका शेवटाला टेकला, तशी आईनं नखानं एकदा ठोकलं.

मी दारातच उभा राहिलो. मला सगळं कळलं आणि ते कळू नये असं वाटत होतं. मावशीचा एकही शब्द तिच्या कानात गेला नव्हता. आजही नाही, तेव्हाही नाही. मी रोज नवीन रबर आणायचो, रोज माझं तोंड पडायचं. आईला ते बघवलं नाही आणि तिनं ठिपक्यावर नजर ठेवून हो म्हणायला सुरुवात केली. मावशीला तर ती एरवीही हो म्हणायचीच. येशील ना, हो. येशील ना, हो. तिकडं मावशी त्या टकटकीवर भरवसा ठेवून दवाखान्यात न जाता बसून राहिली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, केमोच्या त्या औषधानं कधीकधी असं होतं. दोन्ही कान जातात, आणि आधी बारीक आवाज जातात. बायकांचे, लेकरांचे, पक्ष्यांचे. जाड आवाज, ढोल, हे मागं राहतं. माझा रेड्याचा आवाज आणि ढोलकी मागं राहिली होती, म्हणून मी रबरं तासत बसलो. रबरानं भरण्यासारखी फटच नव्हती. मला सगळ्यांचा राग आला. औषधाचा आला, लपवाछपवी करणाऱ्या मावशीचा आला, हो म्हणणाऱ्या आईचा आला, आणि दुकानात टांगलेल्या त्या रबरांच्या पुड्यांचा तर इतका आला की दोन दिवस मी शटर उघडलं नाही.

दुसऱ्या दुपारी आईनं मला खाटेवर बोलावलं. स्वतःच्या कानातला बड काढला, पदरानं पुसला आणि माझ्या कानात घातला. तिच्या कानाचं माप माझ्या कानात नीट बसेना, तर तिनं तो बोटानं धरून ठेवला. फोन माझ्या मांडीवर ठेवला, एक बोट माझ्या ओठांवर टेकवलं आणि मग स्वतःच्या कानाला लावलं. मी ऐकायचं आणि तिला सांगायचं. बहीण इतके दिवस काय बोलत होती, ते तिला हवं होतं.

मी एकेक मेसेज लावला आणि माझ्या जाड आवाजात मोठ्यानं सांगत गेलो. कोंबडी खुडूक बसली. सुनेनं भांडं आपटलं. शेळीला दोन करडं झाली, एक तुझ्यासारखं काळं. आई हसली. तोंडाची उजवी बाजूच हसते आता. सांगून झालं की ती माझ्या मनगटावर एकदा ठोकायची, बहिणीला द्यायची राहून गेलेली उत्तरं एकेक करून देत असल्यासारखी.

मग तो मेसेज आला. मावशीचा आवाज कानात भरला, स्वच्छ, जवळून बोलावा तसा. छातीत कळ. पोरांना नाय सांगितलं. येशील ना? मी शेवटपर्यंत ऐकला. आईचं बोट माझ्या कानातला बड धरून होतं आणि तिची नजर माझ्या तोंडावर होती.

'मावशी म्हणते,' मी म्हटलं, 'बरं आहे तिचं. काळजी करू नको म्हणते. सावकाश ये म्हणते.'

आईनं बड सोडला, तो माझ्या कानातून खाली पडला. तिनं माझं मनगट धरलं आणि दोनदा ठोकलं.