नव्या केरसुणीचा वास

नव्या केरसुणीला येणारा शिंदीच्या पानांचा वास नाकात गेला, की मला आमचं रेवसजवळचं घर दिसतं. विधवा होऊन माहेरी आलेली मी, नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या की मुंबईला नर्सचं काम शिकायला जाणार होते. तोवर वेळ सरेना, म्हणून आई आणि मी हातांना उसंतच देत नव्हतो. पोहे कांडले, गोधडी शिवली, शिवलेली उसवून पुन्हा शिवली. अखेर मामाची बैलगाडी धक्क्याकडे निघाली. वळणावर पोह्यांची पुरचुंडी घरीच राहिल्याचं आठवलं, तशी मी धावत मागे आले आणि दारातच थिजले. आई घर झाडत होती. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की त्या दिवशी केर काढत नाहीत. पाठोपाठ घर झाडतात ते फक्त तिरडी उठल्यावर. "आये, मी जिती हाय गं!" मी ओरडले. तिने मान वर केली नाही. "म्हनूनच झाडतेय," ती म्हणाली. "परत येऊ नगं, पोरी. हितं तुला कोन जगू देनार न्हाय." पुरचुंडी तिथेच राहिली. पुढे आईच मला भेटायला मुंबईला येई, आणि ती निघाली की घरी पोचली असेल अशी खात्री होईपर्यंत मी केरसुणीला हात लावत नसे.