मुकुंदचे चिनी रविवार

रविवार, २१ नोव्हेंबर १९९९. साउथहॅम्प्टन, मुकुंदचं घर, दुपार. हजर: मुकुंदची बायको शैला, बेसिंगस्टोकहून आलेली त्यांची मुलगी गौरी, माझे यजमान सुधीर आणि मी. काम: पुढच्या खोलीतल्या व्हिडिओ कॅसेट आवरणं. मुकुंदला जाऊन पाच आठवडे झाले होते. मी खोकी, चिकटपट्टी आणि मार्कर घेऊन गेले होते. तासाभरात आटपेल असा अंदाज होता. संध्याकाळपर्यंत एकही खोकं भरलं नाही, कारण बहुतेक कॅसेटवर काही लिहिलेलंच नव्हतं आणि जिथे लिहिलेलं होतं तिथे ते चुकीचं होतं. ‘गौरीचा वाढदिवस’ असं लेबल असलेली कॅसेट लावली, तर बर्फात रांगेने उभं असलेलं एक चिनी कुटुंब दिसलं. "मावशी, बाबानी माझी बर्थडे पुसून टाकलं," गौरी म्हणाली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला... सुधीर चहा करायला उठले.

ऑक्टोबरात शैलाचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. मी एका जीपीच्या सर्जरीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याची, मॅनेजर आहे. फ्लूच्या इंजेक्शनांचं वेळापत्रक लावत होते. मुकुंद ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. हार्ट. दुसऱ्यांना भूल देऊन सुखरूप जागं करण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस छप्पन्नाव्या वर्षी असा गेला. मला आधी रडू आलं नाही, राग आला. त्याचं एक काम राहिलं होतं. आईशी एका जुन्या गोष्टीबद्दल बोलायचं होतं. चार वर्षं मी त्याच्या मागे लागले होते, आणि हा ते न करताच निघून गेला.

आमची ओळख नॉटिंगहॅमची, सत्तरच्या दशकातली. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर होती. पुढे दोन्ही घरं साउथहॅम्प्टनला आली. ऐंशीच्या दशकात आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील सहा-सहा महिन्यांसाठी इकडे यायला लागले, आणि आम्ही कामावर गेलो की खिडकीशी बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागले. त्यांना रविवारी एकत्र बसवावं ही कल्पना माझी. कोणाला कोणी गाडीतून आणायचं, खायला कोणी काय करायचं, हे मी महिन्याचं ठरवून फ्रिजवर लावायची. काय बघायचं ते मात्र मुकुंदने परस्पर ठरवून टाकलं. टीव्हीवर आडवेळी परदेशी सिनेमे लागत, ते तो टायमर लावून टेप करायचा, आणि त्यातल्या चिनी सिनेमांनी त्याला झपाटलं होतं. या म्हाताऱ्या माणसांना हिंदी सिनेमे हवे आहेत, असं मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुला काय माहीत त्यांना काय हवंय?"

इंग्रजी सबटायटल्स वाचणं सगळ्यांना जमणारं नव्हतं. म्हणून टीव्हीशेजारी स्टूल घेऊन हा बसायचा आणि सगळे संवाद मराठीत म्हणायचा. बापाचा आवाज, सुनेचा आवाज, गल्लीतल्या कमिटीच्या सेक्रेटरीचा तिरसट आवाज. हे तो उत्तम करायचा, तेवढं मान्य करते. पण मध्येच पॉज दाबून भाषण द्यायचा. समोसे गार व्हायचे. "डॉक्टर, तुमचं संपलं असेल तर चहा देते," असं मी म्हटलं की हात वर करून आणखी दोन मिनिटं मागायचा. आणि कॅसेट! चार तासांची घेत जा म्हणून मी किती वेळा सांगितलं. हा तीन तासांचीच आणायचा. जाहिराती धरून सिनेमा लांबला की शेवट कापला जायचा आणि मग शेवट मुकुंद तोंडी सांगायचा. त्याच्या शेवटांत सरकारने खेड्यात पाठवलेली मुलगी नेहमी परत यायची. मी एकदा व्हिडिओच्या दुकानातून एक सिनेमा मुद्दाम आणून बघितला. ती परत येत नव्हती.

त्याचं म्हणणं एकच होतं. या सिनेमांत सरकार घरात पाऊल टाकत नाही, तरी घरातलं एकही माणूस पहिल्यासारखं राहत नाही. सार्वजनिक भटारखाना निघतो आणि घरची चूल विझते; मग सगळे शेजारी शेजारी बसून जेवतात, पण कुटुंब म्हणून जेवत नाहीत. गल्लीच्या टोकाला भोंगा लागतो आणि नवरा-बायको कुजबुजत बोलायला शिकतात. मुलं शाळेत जाऊन घरातलं सांगतील म्हणून आईबाप मुलांसमोर गप्प होतात. नवऱ्याचं नाव सरकारच्या संशयितांच्या यादीत आलं की बायको कागदावर घटस्फोट घेते, मुलांना शिक्षण मिळावं म्हणून, आणि काही वर्षांनी तो कागद खरा होऊन बसतो. "आपल्या सिनेमात घर मोडायला एक खाष्ट सासू लागते," तो म्हणायचा. "इथे सगळे एकमेकांवर जीव टाकतायत आणि तरी घर मोडतंय." माझ्या सासूबाई, अक्का, म्हणायच्या, "सासूला मध्ये आणू नकोस, पुढे चालव." पण त्यांनीच एकदा आपणहून सांगितलं की बेचाळीस साली दीर भूमिगत झाले तेव्हा घरात वर्षभर त्यांचं नाव कोणी घेतलं नाही, आणि ते परत आल्यावरही त्यांना हाक मारताना जीभ अडखळायची. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी हिंदी सिनेमांचा आग्रह सोडला.

पंच्याण्णव साली मुकुंदची आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली. आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. त्याचे वडील शाळामास्तर होते. ते शहाऐंशी साली गेले. माई आल्यानंतर एका रविवारी सिनेमा होता एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा. त्याच्यावर किटाळ येतं, शाळेच्या मैदानावर सभा भरते, आणि त्याच्या मुलाला व्यासपीठावर उभं करून बोलायला लावतात. मुलगा बोलतो. खाली सबटायटल स्पष्ट होतं: हा माणूस आजपासून माझा बाप नाही, मी त्याच्याशी संबंध तोडतो. मी मागे ट्रे घेऊन उभी होते, मी वाचलं. मुकुंद जरा थांबला आणि मुलाच्या आवाजात म्हणाला, "माझे वडील निर्दोष आहेत. त्यांना सोडून द्या."

पडद्यावर बापाने मान खाली घातली होती.

माईंनी विचारलं, "अरे, मग बाप असा का बसलाय?"

"दमलाय," मुकुंद म्हणाला, आणि पुढचे संवाद भराभर म्हणायला लागला.

नंतर कप विसळताना मी त्याला विचारलं, हे काय होतं? त्याने आधी उडवून लावलं. मग सांगितलं. आणीबाणीत त्याच्या वडिलांना अटक झाली होती. त्यांची दोन पत्रं तुरुंगातून नॉटिंगहॅमला आली, तपासल्याच्या शिक्क्यासह. त्याच सुमारास याच्या पासपोर्टची मुदत संपत होती, आणि घरचे लोक आत असले की नूतनीकरण अडतं, अशी आम्हा लोकांत बोलवा होती. मलाही ती आठवते. घाबरून याने साताऱ्याला शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल लावला, माईंना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की भेटायला जाशील तेव्हा बाबांना म्हणावं, मला इथे पत्र लिहू नका. त्यानंतर वडिलांचं पत्र आलं नाही. सुटून आल्यावरही आलं नाही. एकोणऐंशीला हा भारतात गेला तेव्हा ते त्याच्याशी क्रिकेटबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, आणि वर्तमानपत्र उघडून बसले. मुकुंदने तोच आपल्याविरुद्धचा निकाल मानला.

"ते वाक्य मी आईला वाचून दाखवू?" तो म्हणाला. "निरोप तिच्याच हातून पाठवला होता मी."

मी म्हटलं, दाखवू नकोस, पण बोल तिच्याशी. ती वरच्या खोलीत आहे. पाच मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला, बघू. पुढच्या रविवारी विचारलं, बघू. माईंचा व्हिसा संपत आला तेव्हा म्हणाला, जाताना एअरपोर्टवर बोलतो. एअरपोर्टवर त्याने त्यांना ट्रॉली, गोळ्या आणि व्हीलचेअर यांबद्दल वीस सूचना दिल्या. मग म्हणे फोनवर नको, समोरासमोर. मग साताऱ्याला जाणार होता, तर ऑन-कॉल आला. मग गौरीची नोकरी लागायची होती. मग पुढच्या दिवाळीला नक्की. मी त्याला तारखा काढून दिल्या, विमानकंपन्यांचे फोन नंबर दिले. चिनी माणसांनी एकमेकांना काय सांगायला हवं होतं यावर हा पॉज दाबून तासभर बोलायचा, आणि स्वतःच्या आईसमोर बसला की दुखऱ्या गुडघ्याच्या पुढे गाडी जायची नाही. मी चिडून एकदा म्हटलं, तुझ्या वतीने मीच बोलते. तर शांतपणे म्हणाला, "ते भाषांतर तुला जमणार नाही." या वाक्याचा मला अजून राग येतो.

तो गेल्यापासून दर गुरुवारी मी माईंना फोन करते. शैलाला ते अजून झेपत नाही. कॅसेट आवरायला जमलो त्यानंतरच्या गुरुवारी मी त्यांना गौरीच्या वाढदिवसाच्या टेपची गंमत सांगितली, आणि सिनेमांचा विषय निघाला. माई म्हणाल्या, "त्या घड्याळवाल्याच्या सिनेमात मुकुंदाने काहीतरी फिरवलं होतं. मुलाने बाजू घेतल्यावर कुठला बाप असा बसेल?"

वाटलं, आता कोणासाठी गप्प राहायचं? ट्रंक कॉलचं मला ठाऊक आहे, एवढं सांगितलं.

"तो निरोप होय," माई म्हणाल्या. "मी कुठे सांगितला ह्यांना? आत बसलेल्या माणसाला असलं सांगतात का? मी सांगितलं, मुकुंदा तुमची फार आठवण काढतो."

मग पत्रं का थांबली, असं मी विचारलं. त्या जवळजवळ वैतागूनच बोलल्या, की ह्यांनी जन्मात कोणाला पत्र लिहिलं नाही. ती दोनसुद्धा मी भेटीला गेले की मागे लागायची म्हणून लिहिली. आणि क्रिकेटचं म्हणशील, तर माझ्याशी तरी दुसरं काय बोलायचे?

मी फोन हातात धरून जिन्याच्या पायरीवर बसले. वीस-बावीस वर्षं हा माणूस ज्या शिक्षेत राहिला, ती कोणी त्याला दिलेलीच नव्हती. माईंना विचारलं, त्याला का नाही सांगितलंत? इथे सहा महिने होतात.

"तो विचारेल म्हणून थांबले," त्या म्हणाल्या. "आपण विषय काढला असता, तर मला सगळं लक्षात आहे असं झालं असतं. त्याला लाज वाटली असती..." आणि मग, "खरं काय म्हणाला होता गं तो मुलगा?"

मी सांगितलं, नीट आठवत नाही, टेप बघून पुढच्या गुरुवारी सांगते. टेप बघायची काहीच गरज नव्हती. पुढच्या गुरुवारी आम्ही थंडीबद्दल बोललो. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांच्या कामवाल्या बाईच्या रजेबद्दल. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फक्त फोन ठेवताना म्हणाल्या, मुकुंदावर पेपरात लिहिणार आहेस ना, मग सगळं लिही, मी वाचीन.

म्हणून शैलाला विचारून सगळं लिहिलं आहे, त्या मुलाचं ते वाक्यसुद्धा. कागदावर ते एका झटक्यात उतरलं. पण पेपरची ही पुरवणी साताऱ्यात रविवारी सकाळी येते, आणि माईंनी ते असं छापलेलं वाचण्याआधी कोणीतरी माणसाच्या आवाजात त्यांना सांगायला हवं. मध्ये एक गुरुवार आहे. नंबर मला पाठ आहे. फोन करायचा राहिला आहे.