जोडीनं बसवणारा माणूस

पौडच्या ठाण्यातली ती दुपार विसरता आली असती, तर मी केव्हाच विसरलो असतो.

साठच्या आसपासचा काळ. मी तिथे फौजदार होतो. ग्रामपंचायतींच्या नव्या सभासदांना कारभार कसा करावा, चार माणसांना बरोबर कसं घ्यावं, हे शिकवायला सरकारने शिबिरं काढली होती. मुळशीतली शिबिरं पन्नाशीचे एक गृहस्थ घेत. नाव सांगत नाही. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ताठ पाठ, गळ्यात शिट्टी आणि मोजकं बोलणं. ते पलटणीत हवालदार होते, असं तालुकाभर समजलं जाई.

एक दिवस निनावी कार्ड आलं. ‘शिबिराचा गुरुजी खुनी आहे. जेलातून पळालेला आहे. पोलीस झोपले काय?’

निनावी पत्र लिहिणाऱ्याला थोडं काही माहीत असतं, बाकीचं तो रागाने भरून काढतो. त्यातलं माहितीचं किती आणि रागाचं किती, हे शोधणं आमचं काम. गुरुजी फरारी असतील, तर बेड्या घालणं भाग होतं.

कासार आंबोलीच्या शाळेपुढे शिबिर चालू होतं. जमादाराला सांगून मी साध्या कपड्यांत तिथे गेलो आणि झाडाखाली उभा राहिलो. रस्त्यावर मुरूम टाकण्याचं काम होतं. गुरुजी हुकूम सोडतच नव्हते. सगळ्यांत जास्त कुरकुर करणारे एक म्हातारे पंच होते, आबा. गुरुजींनी त्यांनाच पुढे केलं आणि स्वतः मागे जाऊन पाटी उचलली. तासाभरात आबा कुरकुर विसरून दुसऱ्यांवर ओरडत होते. मला गंमत वाटली.

मग जेवणाची शिट्टी झाली. ‘जोडीनं बसा!’

चाळीस माणसं दोन-दोनच्या रांगेत उकिडवी बसली. गुरुजी प्रत्येक जोडीवर हात फिरवत मोजत पुढे गेले. माझी गंमत तिथेच संपली. पलटणीत माणसं उभी राहून आपापला आकडा ओरडतात. अशी गिनती मी एकाच ठिकाणी पाहिली होती, आरोपी पोचवायला जायचो त्या जेलात.

संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. सगळ्यांच्या देखत त्यांना जेवणावरून उठवलं आणि ठाण्यावर आणलं. तिथे मी आधी गणवेश चढवला.

‘बसा,’ मी खुर्ची दाखवली. ‘कुठल्या पलटणीत होता?’

ते गळ्यातली शिट्टी चाचपू लागले.

‘पलटणीत गिनती अशी घेत नाहीत, गुरुजी. ही जेलातली आहे. किती वर्षं होतास?’

‘तुम्ही’चा ‘तू’ कधी झाला, मला कळलंही नाही. त्यांना मात्र कळला. ते खुर्चीवरून उतरले, भिंतीशी जाऊन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उकिडवे बसले. शिकवल्याशिवाय माणूस असा बसत नाही.

‘चौदा वर्स, साहेब,’ ते म्हणाले. ‘बांधावरनं भांडान झालं. चुलतभाऊ व्हता. कोयता माज्याच हातात व्हता.’

‘पळालास?’

‘न्हाई. सूट मिळाली. सुटकंचा कागद हाय ट्रंकंत.’

जेलात ते कैद्यांचे मुकादम झाले होते. वीस कैदी शेतावर न्यायचे आणि वीस परत आणायचे. हातात काठी नाही. ‘जो लई कावतो त्येला म्होरं घालायचं,’ ते म्हणाले. ‘त्येला वाटतं आपल्याला कुनी तरी इचारलं. तितंच शिकलो मी समदं.’

त्यांच्या कामावर खूश असलेल्या एका अधिकाऱ्यानेच, सारं ठाऊक असताना, त्यांची शिबिरासाठी शिफारस केली होती.

‘आणि पलटण?’

‘लोकच म्हनाले. मी गप ऱ्हायलो.’

जमादार ट्रंकेतला कागद घेऊन तो पडताळायला एस.टी.ने पुण्याला गेला. तो परतेपर्यंत ठाण्यापुढे शिबिराची चाळीसही माणसं जमली. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात टिकाव. ओरडत कुणीच नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती. मी शिपायांना दारात उभं केलं. संध्याकाळी सहाला जमादार आला. कागद खरा होता.

‘तुम्ही मोकळे आहात,’ मी म्हणालो. ‘मागच्या दाराने जा. मी काही बोलणार नाही.’

‘मंग पुन्ना गपच ऱ्हायचं व्हय?’

ते पुढच्या दाराने बाहेर गेले आणि पायरीवर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. एवढ्याने त्यांचं काम जाणार, तालुका सोडावा लागणार, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. सात माणसं निघून गेली. बाकीची जमिनीकडे पाहत उभी राहिली.

आबा पुढे आले. ‘खुनाचं तुमी भोगलं. त्ये आमी कोन इचारनार? पर आमच्याशी खोटं बोलला.’

‘बोललो न्हाई, आबा.’

‘गप बसला. त्ये त्येच की!’

‘व्हय,’ गुरुजी म्हणाले. ‘चुकलं माजं.’

आबा फावडं बाजूला टाकून तिथेच अंगणात उकिडवे बसले आणि मागे वळून ओरडले, ‘बगता काय? जोडीनं बसा की!’

एकेक करून सगळे बसले. ‘मोजा, गुरुजी,’ आबा म्हणाले.

गुरुजी हात फिरवत निघाले. शेवटच्या रांगेत एकच माणूस होता, त्याला जोडी नव्हती. गुरुजी थांबले. मी दारात उभा होतो. टोपी काढून त्या माणसाशेजारी बसायला मला चार पावलं टाकायची होती. मी टाकली नाहीत. अंगावर गणवेश आहे, असं स्वतःला सांगितलं.

गुरुजी त्याच्या शेजारी बसले. ‘आबा, आता तुमी मोजा.’

नोकरीत मी पुष्कळ माणसं बसण्याउठण्यावरून ओळखली. यांनाही बरोबर ओळखलं आणि तरी चुकलो. ते कुठून आले एवढंच मी पाहिलं. तिथून काय घेऊन आले, ते त्या चाळिसांना आधीच कळलं होतं. माझं ‘तू’ मात्र मला आजही सलतं.

आबांनी दोनदा मोजलं, एकेकावर बोट रोखून, स्वतःलाही धरून.

‘चौतीस,’ ते म्हणाले. ‘समदे हायेत.’