साडेअकरा व्होल्टच्या खाली

वेंडेलिन श्ट्रोबेल घाबरट आहे हे राउबर्गच्या ग्लायडर क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याची त्यावरून टर उडवणं हा तिथला शनिवार-रविवारचा ठरलेला कार्यक्रम होता. वय एकसष्ट. घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त. हिवाळाभर क्लबच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांची ग्लायडरं दुरुस्त करायचा, पण स्वतः आठ वर्षं उडाला नव्हता.

आठ वर्षांपूर्वी तो एका ढगाखाली निवांत घिरट्या घालत होता, तेवढ्यात शेजारच्या ढगातून एक जेट बाहेर आलं. डोंगरापलीकडच्या मोठ्या विमानतळाकडे उतरत होतं. वेंडेलिनला त्याच्या खिडक्यांची रांग दिसली, आणि एका खिडकीवर अर्धा ओढलेला पडदा. इतकं जवळ. जेटवाल्यांना मात्र तो दिसलाच नाही, कारण बिनइंजिनाचं, फायबरचं ग्लायडर रडारवर धड उमटत नाही आणि खालचे नियंत्रकही सावध करू शकत नाहीत. त्या दिवशी खाली उतरल्यावर तो बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला. पुन्हा कधी कॉकपिटमध्ये बसला नाही.

उडायची त्याची बायको. इर्मेला अठ्ठावन्न वर्षांची होती आणि क्लबात तिच्याइतकं लांब कुणी जात नसे. म्हणून वेंडेलिनने क्लबच्या तीन वार्षिक सभांमध्ये एकच हट्ट धरला: प्रत्येक ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर हवा. रडारने विचारलं की "मी अमुक, इतक्या उंचीवर" असं उत्तर देणारा हा डबा. तिसऱ्या वर्षी ठराव मंजूर झाला, तोही एका कारणाने. ट्रान्सपॉन्डर चालू असेल तर क्लबला आकाशाचा एक मोठा तुकडा वापरू देऊ, असं विमानतळाच्या नियंत्रकांनी कबूल केलं. त्या तुकड्यासाठी क्लब दहा वर्षं अर्ज करत होता.

इर्मेलाचं ग्लायडर सगळ्यात अवघड निघालं. चाळीस वर्षांचं जुनं, एका माणसाचं. पुढचं पॅनेल जेवणाच्या ताटाएवढं आणि तेही आधीच भरलेलं. वेंडेलिनने त्याच्या नेहमीच्या पद्धतीने आधी पुठ्ठ्याचे डबे केले, चिकटपट्टीने जागोजागी लावले आणि बायकोला आत बसवलं.

"डावं पेडल पूर्ण दाब. आता सुकाणूचा दांडा उजवीकडे. गुडघा लागतोय का?"

"गुडघा माझा आहे, लागणारच," इर्मेला म्हणाली. "अरे, मी विमानात बसलेय की दंतवैद्याच्या खुर्चीत?"

बाजूला उभा असलेला गोटहिल्फ, क्लबातला सगळ्यात जुना वैमानिक, म्हणाला, "मांडीवर थोडी जागा दिसतेय. कॉफीचं मशीन पण बसवून टाक."

शेवटी रेडिओ खाली सरकवून पॅनेलवर ट्रान्सपॉन्डरच्या बटणांची छोटी चौकट बसली. बोटाएवढा अँटेना पोटाखाली, बसणाऱ्यापासून लांब गेला. मुख्य डब्याला जागा मिळाली ती डोक्यामागच्या कप्प्यात. तिथे पूर्वी दुसरी बॅटरी असायची. ती शेपटीत हलवली तर तोल बिघडतो, पायाशी ठेवली तर दांडा अडतो. म्हणून ती काढली आणि सगळा भार एकाच बॅटरीवर आला. वेंडेलिनने हिशेब केला: साडेपाच तास. वायरी तीन-तीन ठिकाणी बांधल्या. राउबर्गला दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय काही उडत नसे, म्हणून गोटहिल्फनेही टॉर्च मारून प्रत्येक गाठ ओढून पाहिली आणि सही केली.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी इर्मेला अकराच्या सुमारास वर गेली. पावणेपाचला वेंडेलिन क्लबबाहेरच्या बाकावर बसला होता. समोर आलुबुखाराच्या केकचा तुकडा तसाच पडला होता, हातात फोन. फोनवरच्या नकाशात ट्रान्सपॉन्डरवाली सगळी विमानं दिसत. तिचा ठिपका घराकडे निघाला होता.

"खा की," गोटहिल्फ म्हणाला. "तू बघत राहिलास म्हणून ती लवकर येणार आहे होय?"

वेंडेलिनने नकाशा आणखी मोठा केला. ठिपका एकवीसशे मीटरवर त्या मोलाच्या तुकड्यात शिरला. आणि दिसेनासा झाला.

त्याने नकाशा बंद करून पुन्हा उघडला. बाकीची विमानं होती. इर्मेला नव्हती.

वायर सुटली? सुटून दांड्यात अडकली? तो धावत रेडिओपाशी गेला. "इर्मेला, राउबर्ग बोलतंय. इर्मेला, ऐकू येतंय?" नुसती खरखर. त्याने घड्याळ पाहिलं. ती वर जाऊन पाच तास बेचाळीस मिनिटं झाली होती.

मग त्याला आठवलं. मार्चमध्ये काम संपल्यावर त्यानेच पॅनेलवर एक पांढरी पट्टी चिकटवली होती. स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "साडेअकरा व्होल्टच्या खाली आधी ट्रान्सपॉन्डर बंद." वर्कशॉपमधली ही फार जुनी सवय. बॅटरी उतरली की बाकी सगळं बंद करायचं आणि रेडिओ वाचवायचा. पूर्वी वाचवण्यासारखा रेडिओच होता; आता आधी ट्रान्सपॉन्डर वाचवायला हवा होता. हात सवयीने लिहून गेला, आणि गोटहिल्फच्या डोळ्यांनाही त्यात काही खटकलं नाही.

इर्मेला नवऱ्याचं ऐकत होती. धडधाकट होती, उडत होती, आणि कुणालाच दिसत नव्हती.

नकाशावर पश्चिमेकडून एक जेट उतरत येत होतं.

"तिने ट्रान्सपॉन्डर बंद केलाय. मी नियंत्रकांना फोन करतो."

"थांब, थांब!" मागोमाग आलेल्या गोटहिल्फने त्याचा दंड धरला. "ट्रान्सपॉन्डरशिवाय आपलं ग्लायडर आत आहे असं सांगणार? तुकडा काढून घेतील लगेच. रेडिओ आहे ना तिच्याकडे, बोलेल ती त्यांच्याशी."

"कशाने बोलेल? इतक्या उतरलेल्या बॅटरीवर बोलायचं बटण दाबलं की रेडिओच मरतो. तिला ऐकू येत असेल, बोलता येत नसेल."

"वेंडेलिन, तू नेहमीच घाबरतोस."

"हो. सोड हात."

फोनवर एका बाईंचा शांत आवाज आला. वेंडेलिनने सगळं सांगितलं: कुठे दिसली, किती उंचीवर, कोणत्या दिशेने.

"ट्रान्सपॉन्डर बंद आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

"तसं मीच लिहून ठेवलंय. तिच्यासमोर."

पलीकडे कीबोर्डवर भराभर बोटं चालल्याचा आवाज आला. मग, "फोन ठेवू नका."

तो उभा राहिला. नकाशावर जेटची रेघ सरळच येत होती. सरळ. अजून सरळ. मग रेघ डावीकडे वाकली, उत्तरेकडे वळली, आणि बाईंचा आवाज आला, "वळवलंय. हा भाग आत्तापासून तुमच्यासाठी बंद होईल. कल्पना आहे ना?"

"आहे."

गोटहिल्फ शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. शेतात उतरावं लागलेलं ग्लायडर आणायचा ट्रेलर गाडीला जोडायला तो निघून गेला.

पुढची अकरा मिनिटं वेंडेलिनने आकाशाकडे बघत काढली. तिथे काही दिसणार नव्हतं, तरी मान खाली करवेना. मग गोटहिल्फचा फोन वाजला, कारण वेंडेलिनचा अजून नियंत्रकांशी जोडलेला होता.

"कापलेल्या गव्हाच्या शेतात उतरलेय," इर्मेला म्हणाली. "ट्रेलर घेऊन ये. वेंडेलिनलाही आण."

शेतात पोचले तेव्हा ती पंखाच्या सावलीत मांडी घालून बसली होती. चेहरा चुन्यासारखा.

"एक जेट समोरून येत होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "मग एकदम वळलं. एवढं मोठं धूड, मला पोट दिसलं त्याचं. म्हटलं, हे इथेच का वळतंय? मग लक्षात आलं, माझ्यामुळे. तशीच खाली सुटले आणि त्या तुकड्याबाहेर पडले." ती थांबली. "तू लिहिलं होतंस म्हणून मी बंद केला, वेंडेलिन. मी विचारसुद्धा केला नाही."

"मीही केला नव्हता," तो म्हणाला.

ग्लायडर ट्रेलरवर चढवायला पंख उतरवायचे होते. दोन्ही पंख जोडून धरणारी मुख्य पिन ओढायला वेंडेलिनने हात घातला, पण बोटं इतकी थरथरत होती की पकड बसेना. "सरक," म्हणत इर्मेला आत वाकली. तिलाही जमेना. मग दोघांनी मिळून ओढून पाहिली. पिन जागची हलली नाही.

"व्हा बाजूला दोघं," गोटहिल्फ म्हणाला, आणि त्याने ती ओढून काढली.