गिरणीची गल्ली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक निळी पाटी आहे. तिच्यावर माझ्या थोरल्या काकाचं नाव आहे. आधी 'समाजसेवक', मग 'कैलासवासी', मग नाव, आणि शेवटी 'मार्ग'. ते नाव मी इथे लिहिणार नाही. कुणाला वाचायचंच असेल तर त्याने डोंबिवलीला आमच्या पाण्याच्या टाकीपाशी यावं. अक्षरं चांगली टपोरी काढलीत.

मेला मार्ग म्हणे! दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, असला मार्ग.

पाटी लागायच्या आधी या गल्लीला नाव होतं आणि ते कुणी ठराव करून दिलेलं नव्हतं. गिरणीची गल्ली. गिरणी माझ्या बाबांनी काढलेली. कोकणातून आलेला माणूस, मोहने गावातल्या कारखान्यात पाळ्या करायचा आणि उरलेल्या वेळात पीठ दळायचा. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले आणि आईने पदर खोचून गिरणीचा पट्टा चढवला. नुसती चालवली नाही, नावारूपाला आणली. भाकरीचं पीठ कसं हवं, भाजणी किती जाड, हे तिला डब्यावरून माणूस ओळखून कळायचं. स्टेशनापलीकडून बायका दळण घेऊन यायच्या. गल्लीतलं कुणीही पत्ता सांगताना "गिरणीवाल्या बाईंच्या गल्लीत" असंच सांगायचं. आईला ते फार आवडायचं. तोंडाने बोलायची नाही, पण आवडायचं.

गाळा मात्र काकाच्या नावावर होता. थोरला भाऊ म्हणून बाबांनीच तसा घेतलेला. आयुष्यात एवढा एक गाढवपणा माझ्या बाबांनी केला. एका सकाळी आई खाली उतरली तर शटरला नवं कुलूप आणि समोर काका उभा.

"बाईमाणसाने किती दिवस पीठ खायचं? आता आराम कर," म्हणाला.

पुढे यंत्र भंगारात गेलं आणि तिथे बिल्डरचे पत्रे लागले. आई रडली नाही. मला समोर बसवून म्हणाली, "या माणसाचं नाव आता माझ्या तोंडातून निघणार नाही." मी पन्नाशी ओलांडली तरी निघालं नव्हतं.

खरी चीड मला पुढच्या गोष्टीची आहे. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, थोरल्या दिराचंही घेत नाहीत. त्यामुळे आई गप्प राहिली तो सगळ्यांना संस्कार वाटला! काका गणपतीत पंगती घालून, स्वतःच्या फोटोची कॅलेंडरं वाटून समाजसेवक झाला, मेला, आणि पाटी लागायचा दिवस उजाडला. गल्लीत मांडव, भोंगे, हारतुरे. काकू पैठणी नेसून पहिल्या रांगेत. आईला काकाची भावजय म्हणून स्टेजवर बसवलं. ती गेली, कारण तिला बोलायचं होतं. सूत्रसंचालक म्हणाला, "विधवा भावजयीला त्यांनी गिरणी काढून दिली." मी खुर्चीवरून उठलेच होते, पण आईने हाताने बस म्हणून खुणावलं आणि स्वतः माइक घेतला.

"गिरणी माझ्या नवऱ्याने काढली. चालवली मी," ती म्हणाली. "यात दुसऱ्या कुणाचा काही संबंध नाही."

टाळ्या पडल्या. हो, टाळ्या! कुणाच्या डोक्यात काही म्हणून शिरलं नाही. आमच्या तळमजल्यावरच्या वहिनी मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघितलंस? एवढं बोलल्या, पण दिराचं नाव नाही घेतलं. मान असावा तर असा." माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. पाटीला डांबर फासायचं मी तेव्हाच ठरवलेलं. आईने डांबराचा डबा हातातून काढून घेतला. "त्याला फासून काय करतेस? माझं तोंड माझ्या ताब्यात आहे, तेवढं मला पुरे," म्हणाली.

तेवढंच तिच्याकडे उरलं होतं. रिक्षावाल्याला ती "गिरणीची गल्ली"च सांगायची. नवी पोरं विचारायची, "कुठली गिरणी, आज्जी? मॅपवर तर नाय दाखवत." मग ही बाई दुखऱ्या गुडघ्यांनी बाजारातून चालत यायची, पण नाव घ्यायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी मी माळ्यावरून पातेलं काढताना स्टुलावरून पडले. पाय मोडला तो आवाज मला ऐकू आला. डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. माझा मोबाइल फुटलेला. आईने बाल्कनीतून हाका मारल्या, पण भर दुपारी सगळ्यांची दारं बंद. तिने तिच्या साध्या फोनवरून अँब्युलन्सला फोन लावला.

"गिरणीची गल्ली. टाकीच्या मागे."

"मावशी, टाक्या भरपूर आहेत. रोडचं नाव बोला."

"अरे, कुणालाही विचार, गिरणी कुठे होती म्हणून."

"कुणाला विचारत बसू? पाटीवर काय लिहिलंय ते सांगा ना पटकन."

आईने फोन कानापासून लांब धरला. मी पडल्या पडल्या म्हटलं, "आई, नको. मी बरी आहे." पण रक्त लादीवरून तिच्या पावलांपर्यंत आलं होतं. तिने खाली बघितलं आणि ते नाव घेतलं. 'समाजसेवक'सकट, सगळं.

"आवाज कटला, मावशी. परत बोला."

तिने परत सांगितलं, मोठ्याने. मग फोन ठेवला, मोरीत गेली आणि खळखळून चूळ भरली. आणखी एकदा भरली. मग येऊन माझ्या डोक्याला टॉवेल दाबून धरला.

मला स्ट्रेचरवरून खाली आणलं तेव्हा तळमजल्यावरच्या वहिनी दारात आल्या होत्या. हाकांनी नाही, पण दुसऱ्यांदा मोठ्याने घेतलेल्या नावाने त्यांना जाग आली असणार.

"घेतलंत हो शेवटी नाव! पण जिवावर बेतल्यावर काय करणार? दिराचा मान मोडला म्हणून मनाला लावून घेऊ नका."

आई कठडा धरून थांबली.

"मान? अहो, किळस येते मला त्या नावाची. आज पोरीसाठी ओकले."

आईने माझ्या अंगावरची चादर सारखी केली, गाडीत माझ्याशेजारी बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल रे. गिरणीच्या गल्लीतून बाहेर पडलास की डावीकडे घे."