तिचं झालं नाही अजून

माझं ‘हो’ म्हणजे वर बघणं आणि ‘नाही’ म्हणजे डोळे मिटणं. या दोन गोष्टींवर माझा सगळा कारभार चालतो. बाकी शरीर आपल्या मर्जीनं वागतं, आणि जिभेनं तर जन्मापासूनच संप पुकारलेला आहे. जास्त काही बोलायचं असेल तर माय पुठ्ठ्यावर लिहिलेल्या अक्षरांवरून बोट फिरवते. हवं ते अक्षर आलं की मी वर बघते. हेही असंच लिहून होतंय, आणि माय मधूनमधून कुकर बंद करायला उठतेय.

आमच्या बीबी गावात या पुठ्ठ्याचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते लोकांच्या चांगुलपणानं. मी ‘पा’पर्यंत पोचले की कुणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन धावतं. मला पाय सरळ करून हवा असतो. मग पाणी प्यावं लागतं, वर ‘बिचारीले किती तहान लागली होती’ हेही ऐकावं लागतं. पाय तसाच वाकडा राहतो.

तर नाटक. चिखलीच्या कॉलेजात शिकवणारे एक सर आमच्याच गावचे. रविवारी गावातल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये त्यांच्या तालमी चालायच्या. नवं नाटक न बोलणाऱ्या मुलीवर होतं, आणि ते काम करणाऱ्या कॉलेजच्या पोरीला त्यांनी ‘निरीक्षण’ करायला माझ्यासमोर बसवलं. ती माझ्याकडे बघून मान मुरडायची, डोळे फिरवायची, जीभ बाहेर काढायची. लाळ माझीही गळते, पण मी ती इतकी मन लावून गाळत नाही. मला इतका संताप आला की माझे हात आपोआप हवेत उडाले. पोरीनं तेही टिपून घेतलं.

सर मात्र बघत होते. म्हणाले, “हे काही खरं नाही. ही भूमिका खऱ्या मुलीनंच करायला पाहिजे.” मग माझ्यासमोर खाली बसले. “करशील का?”

मी इतकं वर बघितलं की मान दुखली. एकतीस वर्षं लोक माझ्याकडे फुकट बघत आले होते. आता मी ठरवीन तसं बघणार होते. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही, हे खरं आहे.

पुढच्या तालमीला कळलं की माझं फक्त शरीर घेतलंय. नाटकातल्या मुलीच्या मनातलं बोलायला विंगेत माईकवर तीच कॉलेजची पोरगी उभी राहणार होती. “प्रेक्षकांना कळायला नको का?” सर म्हणाले. पोरीचा आवाज गोड, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. म्हणजे माझं मन एकदम पुण्याचं झालं. तेही चाललं असतं. पण शेवटचं वाक्य होतं : “मी तुम्हा सर्वांवरचं ओझं आहे. मला क्षमा करा.”

हे वाक्य माझ्या तोंडी, सगळ्या लोकांसमोर, मायसमोर. मी पुठ्ठा मागितला. मायचं बोट फिरू लागलं. ओ. झं.

“ओझं!” सर टाळी वाजवून उठले. “बघा, तिलाही नेमकं तेच वाक्य भिडलं.”

“सर, थांबा ना. तिचं झालं नाही अजून,” माय म्हणाली. पण सरांचा फोन वाजला होता, आणि तालीम पुढं गेली. ‘नको’ माझ्या डोळ्यांतच राहिलं. नंतर माय एकटी त्यांना सांगायला गेली, तर म्हणाले, “मावशी, आईच्या मनाला लागणारच.”

पहिला प्रयोग चिखलीला झाला. खुर्चीचे ब्रेक लावलेले, कंबरेला ओढणी बांधलेली, डोळ्यांवर झगझगीत लाईट. उठून जायची सोय मला कधीच नव्हती, पण अशी अडकले मी पहिल्यांदाच. सरांनी ठरवून दिलं होतं की शेवटी मी वर बघायचं, ते बघून पोरगी बोलायला सुरुवात करणार. मी वर बघितलं. वाक्य आलं. मी डोळे गच्च मिटले. नाही. नाही. समोर बायका हुंदके देऊ लागल्या. किती छान रडते पोरगी, असं त्यांना वाटलं असणार.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून माय उठली. “ते नाही म्हणून राह्यली! कोणीच काऊन समजून घेत नाही? डोये मिटले म्हणजे नाही म्हणते ते!”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग टाळ्यांचा नुसता कडकडाट. त्यांना तेही नाटकच वाटलं.

सर विंगेतून धावत आले, डोळ्यांत पाणी. “मावशी, काय जागा काढली! हे आता ठेवूच.”

“म्या नाटक नाही केलं, सर.”

“तेच तर!”

पुढचा प्रयोग दुसरबीड गावी होता. तिथं मायची खुर्ची राखून ठेवली होती, आणि पातळ तेच नेसून यायला सांगितलं होतं. माय मुकाट्यानं आली, कारण मला भरवायला आणि बाहेर न्यायला दुसरं कोण होतं? जीपमध्ये मी सारखा विचार करत होते. डोळे मिटले की माय उठणार, टाळ्या पडणार. नाही मिटले की वाक्य माझं होणार. माझं ‘नाही’सुद्धा आता त्यांच्या मालकीचं झालं होतं. मला रडू आलं तर मायनं तोंड पुसलं, तिला लाळ वाटली.

संध्याकाळी मंडपात शेवट आला. बासरी वाजली. मग माझ्या लक्षात आलं की अजून एक गोष्ट शिल्लक आहे. मी वर बघितलंच नाही. समोर बघत राहिले, लोकांच्या तोंडाकडे, सरळ.

बासरी संपली. “वर बघ,” विंगेतून सर कुजबुजले. “अगं, वर!” मंडपात चुळबुळ सुरू झाली. “माईक बंद पडला का बे?” कुणीतरी मागून ओरडलं. माय तिच्या राखीव खुर्चीत बसून होती, उठली नाही.

“तू म्हण,” सर पोरीला म्हणाले.

“सर, ती हो म्हणत नाहीये.” त्या पोरीनं माझं निरीक्षण खरंच नीट केलं होतं.

मग सरांनी तिच्या हातातून माईक घेतला आणि आपल्या जाडजूड, पडसं झालेल्या आवाजात सुरुवात केली, “मी तुम्हा सर्वांवरचं ओझं आहे...”

आधी पुढची पोरं हसली, मग सगळा मंडप. “हे तर सर बोलून राह्यले!” एक म्हातारी बाई म्हणाली. मलाही हसू फुटलं. मी हसते तेव्हा अख्खी खुर्ची वाजते आणि घशातून मोठा आवाज निघतो. तो सगळ्यांनी ऐकला. सरांचा आवाज मधेच थांबला. पडदा घाईनं ओढला गेला.

मंडप रिकामा झाल्यावर सर आले. मला वाटलं आता ओरडतील. पण ते माझ्यासमोर खाली बसले आणि त्यांनी मायकडून पुठ्ठा मागून घेतला. त्यांचं बोट अडखळत फिरू लागलं. ओ. झं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. बोट पुढं सरकलं. न. को.

त्यांनी पुठ्ठा माझ्या गुडघ्यांवर नीट टेकवला. मग म्हणाले, “बरं. मग मुलगी शेवटी काय म्हणते?”

मी पहिलं अक्षर दाखवलं. दुसरं. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला, “चला हो, उशीर होऊन राह्यला!” सामान चढवणारे दोघं मला उचलायला आले, एकानं सवयीनं काखेत हातही घातला.

“थांबा,” सर पुठ्ठ्यावरचं बोट न उचलता म्हणाले. “तिचं झालं नाही अजून.”